डीझेल, अल्पगंधक : सातारा व सांगली जिल्हे

गंधकाचे प्रमाण ठरावीक मर्यादेखाली आणलेले डीझेल इंधन. डीझेलमधील गंधक ज्वलनानंतर सल्फर डाय-ऑक्साइड व सूक्ष्म सल्फेट कणांच्या रूपाने बाहेर पडतो. शिवाय वाहनाच्या धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरकाची (विक्रियेची गती वाढविणाऱ्या पदार्थाची) कार्यक्षमता तो घटवितो. म्हणून धुराआधी इंधन शुद्ध करणे भाग पडते.

या दोन जिल्ह्यांत तेल परिष्करण कारखाना नाही. महाराष्ट्रातील दोन मोठे कारखाने मुंबईत माहुल येथे अनुक्रमे १९५४ व १९५५ मध्ये सुरू झाले. राष्ट्रीयीकरणानंतर ते हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम यांच्याकडे आले. मुंबई हायच्या तेलात गंधक थोडा, आखाती तेलात मात्र पुष्कळ असतो. त्यामुळे निकष कडक होताच जुन्या ऊर्ध्वपातन संयंत्रांना गंधकनिष्कासन संयंत्रांची जोड द्यावी लागली. यांत सु. ३५०° से. तापमानास व उच्च दाबाखाली डीझेल व हायड्रोजन कोबाल्ट-मॉलिब्डेनमयुक्त उत्प्रेरकावरून नेतात. गंधक हायड्रोजन सल्फाइडाच्या रूपाने सुटतो व क्लाउस प्रक्रियेने मूलद्रव्य म्हणून परत मिळतो. काही वलयी संयुगांतील गंधक मात्र चिवट असतो. तो काढण्यास हायड्रोजन व दाब दोन्ही वाढवावे लागतात. सारा खर्च या शेवटच्या अंशातच आहे.

मूलद्रव्यरूप गंधक या भागास नवा नाही. उसाचा रस निवळण्यासाठी साखर कारखाने तो जाळतात, तर तासगावकडील द्राक्षबागाईतदार भुरी रोगावर तो फवारतात.

डीझेलमधील गंधकाची मर्यादा २००० मध्ये ०·२५ टक्के होती. रघुनाथ माशेलकर समितीच्या शिफारशींवर आधारलेल्या २००३ च्या वाहन-इंधन धोरणानुसार ती टप्प्याटप्प्याने उतरली. पण प्रथम मोठ्या शहरांत. २०१० मध्ये पुणे व सोलापूर येथे दशलक्ष भागांत ५० भाग ही मर्यादा लागू झाली. सातारा व सांगली त्या यादीत नव्हते. तेथे ३५० भागांचे डीझेल चालू राहिले. पुणे–बंगलोर महामार्गावरील मालमोटारी शहराची हद्द पाळत नाहीत. कराडला भरलेले इंधन पुण्यात जळे, हा या व्यवस्थेतील उघड दोष होता. ५० भागांची मर्यादा सर्व देशभर १ एप्रिल २०१७ रोजी व १० भागांची १ एप्रिल २०२० रोजी आली. गंधकाबरोबर डीझेलची वंगणक्षमताही घटत असल्याने त्यात पूरक द्रव्य मिसळतात. निकष रस्त्यावरील वाहनांसाठी असले, तरी पंपावरील डीझेल एकच असल्याने शेतातील ट्रॅक्टरांनाही तेच मिळू लागले.