कल्याणच्या आनंदीबाई आणि घरचें दुखणें



ठाणें, कल्याण किंवा डोंबिवली येथील एखाद्या घरच्या डॉक्टरांच्या दवाखान्यांत संध्याकाळीं जमणाऱ्या मंडळींचीं दुखणीं पाहिलीं, तर त्यांत नवलाचें असें फारसें कांहीं आढळत नाहीं. कोणाचा ताप चार दिवस उतरत नाहीं. कोणाचा खोकला महिनाभर हटत नाहीं. कोणा बाळंतिणीचें मूल दूध ओढीत नाहीं. पहाटेच्या गाडीनें मुंबईस कामाला जाऊन रात्रीं परतणाऱ्या कोणा गृहस्थाचा रक्तदाब वाढलेला असतो. अशा साध्या दुखण्यांचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं. लिहिला जातो तो मोठ्या साथींचा आणि मोठ्या शोधांचा. परंतु घराचें सुखदुःख ठरतें तें बहुधा या साध्या दुखण्यांवरच. त्यांचा इतिहास आज मी कल्याणच्याच एका बाईंच्या चरित्राच्या आधारें सांगणार आहें.

डॉ. आनंदीबाई जोशी यांचें नांव आपणांस परिचित आहे. पाश्चात्य वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या पहिल्या हिंदी स्त्रियांत त्यांची गणना होते. समुद्र ओलांडून गेलेली धीट स्त्री म्हणून त्यांची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों, आणि ती यथार्थच आहे. परंतु तान्ह्या मुलाचा आजार, स्त्रीला उघडपणें सांगतां न येणारी व्यथा आणि शरीर हळूहळू पोखरणारा क्षय, हे घरगुती वैद्यकाचे तीन जुने प्रश्न त्यांच्या अवघ्या बावीस वर्षांच्या आयुष्यांत एकामागून एक उभे राहिले, इकडे आपलें फारसें लक्ष जात नाहीं.

३१ मार्च १८६५ रोजीं कल्याणच्या जोशी घराण्यांत त्यांचा जन्म झाला. माहेरचें नांव यमुना. १८७४ सालीं, वयाच्या नवव्या वर्षीं, टपालखात्यांत नोकरीस असलेल्या गोपाळराव जोशी या बिजवराशीं त्यांचें लग्न झालें. गोपाळराव त्यांच्याहून सुमारें वीस वर्षांनीं मोठे होते. हा काळ जरा नजरेसमोर आणावा. मुंबईहून निघालेली आगगाडी १८५३ सालीं ठाण्यास आणि पुढच्याच वर्षीं कल्याणास पोंचली होती. मुंबईचें ग्रँट मेडिकल कॉलेज तर १८४५ सालींच सुरू झालें होतें. म्हणजे नवें वैद्यक कल्याणपासून अवघ्या ३३ मैलांवर होतें. परंतु स्टेशनापर्यंत आलेलें तें वैद्यक वाड्याच्या माजघरांत शिरलें नव्हतें. तेथें सुईण, जाणत्या बायका आणि आजीबाईचा बटवा यांचेंच राज्य होतें. त्यांत अनुभव होता, माया होती. पण जंतूंचें ज्ञान नव्हतें.

वयाच्या चौदाव्या वर्षीं आनंदीबाईंस मुलगा झाला आणि तो दहा दिवसांचा होऊन गेला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर तो वांचला असता, ही खंत त्यांच्या मनांत घर करून राहिली, आणि डॉक्टर होण्याचा निश्चय त्यांतूनच जन्मास आला. त्या बाळास काय झालें होतें याचा तर्क आज करूं नये. परंतु त्या काळीं पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यांत मूल दगावणें ही घरोघरची गोष्ट होती. पांचवीच्या रात्रीं दिवा जागता ठेवून सटवाईची पूजा होई, तिच्यामागें हें भय कसें नसेल? नाळ कापण्याचें हत्यार स्वच्छ नसलें, किंवा नाळेवर राख-माती लावली, म्हणजे तेथून धनुर्वाताचा जंतु मुलाच्या शरीरांत शिरतो. तो जंतु जपानी शास्त्रज्ञ कितासातो यांनीं वेगळा काढला १८८९ सालीं, म्हणजे आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनीं. पुढें गर्भिणीस लस टोंचण्याची सोय झाली, बाळंतपणें दवाखान्यांत होऊं लागलीं. आणि अखेर २०१५ सालीं, माता व नवजात बालक यांचा धनुर्वात सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून भारतांत उरला नाहीं, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेनें दिला.

दुसरा प्रश्न संकोचाचा. २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं बंगालमधील श्रीरामपूर येथील कॉलेजांत आनंदीबाईंनीं जाहीर भाषण केलें आणि आपण अमेरिकेस कां जातों हें लोकांस समजावून सांगितलें. हिंदुस्थानांत हिंदु स्त्री-डॉक्टरांची निकड आहे, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. परक्या पुरुषापुढें आपलें दुखणें मांडण्यास बायका धजत नसत. दुखणें अंगावर काढीत, अथवा दुसऱ्याच्या तोंडून अर्धेंमुर्धें सांगत. डॉक्टर कितीही हुशार असला, तरी त्याला न सांगितलेलें दुखणें तो कसें ओळखणार? ७ एप्रिल १८८३ रोजीं त्यांनीं कलकत्त्याहून प्रयाण केलें आणि फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत प्रवेश घेतला. पदवीसाठीं त्यांनीं जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय होता हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. ज्या माजघरांतून त्या गेल्या होत्या, त्याचा विसर त्यांना पडला नव्हता. ११ मार्च १८८६ रोजीं पदवीदान झालें, त्या समारंभास पंडिता रमाबाई हजर होत्या. त्याच वर्षीं मुंबईंत स्त्रियांसाठीं कामा रुग्णालय उघडलें, ही गोष्टही ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. आनंदीबाई जें बोलल्या, तें अनेकांना पटूं लागलें होतें.

तिसरा प्रश्न त्यांच्या स्वतःच्या देहाचा. अमेरिकेस जाण्यापूर्वींच अशक्तपणा, सततची डोकेदुखी, मधूनमधून येणारा ताप आणि कधीं कधीं धाप, असा त्रास त्यांना होत असे. तेथील थंडी आणि अनोळखी अन्न त्यांना मानवलें नाहीं, आणि क्षयानें त्यांना गांठलें. क्षयाचा जंतु रॉबर्ट कॉक यांनीं बर्लिन येथें २४ मार्च १८८२ रोजीं जाहीर केला होता, म्हणजे आनंदीबाईंच्या प्रयाणाच्या आदल्याच वर्षीं. शत्रु ओळखला गेला होता, पण त्याला मारणारें शस्त्र कोणाच्याही हातीं नव्हतें. कोल्हापूर संस्थानानें तेथील आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्रीविभागाचें काम त्यांना देऊं केलें होतें. त्या १८८६ च्या अखेरीस स्वदेशीं परतल्या. परंतु तें काम करण्याइतकें आयुष्य त्यांना लाभलें नाहीं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचा अंत झाला. वयाचीं बावीस वर्षें पुरीं व्हायला महिना उणा होता, आणि पदवी मिळून वर्षही झालें नव्हतें.

अमेरिकेंत आनंदीबाईंना आपल्या घरीं ठेवून घेणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई न्यू जर्सी राज्यांतील रोझेल गांवीं राहत. त्याच राज्यांतील रट्गर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेंत १९४३ सालीं स्ट्रेप्टोमायसीन हें क्षयावरचें पहिलें प्रभावी प्रतिजैविक सांपडलें. साठ वर्षांचें हें अंतर होतें. त्यापुढचा धडा मात्र आपल्या देशानें जगास दिला. १९५६ सालीं मद्रास येथें एक प्रयोग सुरू झाला. दाटीच्या वस्तींत राहणाऱ्या गरीब क्षयरोग्यांपैकीं कांहींना आरोग्यधामांत ठेवून व कांहींना घरींच ठेवून वर्षभर तींच औषधें देण्यांत आलीं. १९५९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला कीं, घरीं औषध नियमानें घेणारा रोगी आरोग्यधामांतील रोग्याइतकाच बरा होतो, आणि त्यामुळें घरच्या माणसांचा धोकाही वाढत नाहीं. रोग्याला घरापासून तोडण्याची जरुरी नाहीं, हें त्या प्रयोगानें सिद्ध झालें. घराला आणि घरच्या डॉक्टरला मिळालेला हा मोठाच मान होय.

आतां आजच्या काळाकडे वळूं. साध्या क्षयावर सहा महिन्यांचे उपचार आहेत आणि सरकारी आरोग्यकेंद्रांत ते मोफत मिळतात. दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला तपासून घ्यावा, असा नियम आहे. क्षयाचा प्रत्येक रोगी खाजगी डॉक्टरनेंही सरकारास कळविला पाहिजे, असा आदेश २०१२ सालीं निघाला. इतकें असूनही क्षय आपल्या शहरांतून गेलेला नाहीं. याचें एक कारण असें कीं, खोकला आहे हें सांगण्यास माणूस अजून कचरतो. मुलीचें लग्न ठरेपर्यंत गोष्ट बाहेर फुटूं नये असें घराला वाटतें. गाडीची वेळ साधणारा नोकरदार दवाखान्याची वेळ पुढें ढकलतो. बरें वाटूं लागतांच गोळ्या बंद होतात, आणि मग तोच जंतु औषधाला दाद देईनासा होतो. स्त्रियांचीं दुखणीं तर अजूनही घरांतल्या सर्वांचें होऊन गेल्यावर शेवटीं निघतात.

आनंदीबाईंच्या काळीं सांगून फारसा उपयोग नव्हता, कारण औषधच नव्हतें. आज औषध आहे. डॉक्टरनें घाई न करतां ऐकावें आणि घरानें आडपडदा न ठेवतां सांगावें, एवढाच भाग शिल्लक आहे. ज्याला घरांतल्या आजीचा स्वभाव, सुनेचें बाळंतपण आणि मुलाचा जुना ताप ठाऊक आहे असा एक डॉक्टर प्रत्येक कुटुंबानें धरून ठेवावा, आणि त्याच्याकडे वेळेवर जावें. अठराशें त्र्याऐंशी सालीं कल्याणच्या त्या तरुण बाईंनीं सातासमुद्रांपलीकडे जाऊन जें मिळवूं पाहिलें, तें आज आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर उपलब्ध आहे. आपल्या घरांत कोणी महिनाभर खोकत असेल, तर त्याला घेऊन उद्यांच तेथें जावें, अशी माझी आपणांस विनंति आहे.