रक्ताचा कौल

मूल नसलेल्या घरात उपायांची वाण कधीच नसते. नवस, उपास, काढे, अंगारे, सारे होऊन जाते. विसाव्या शतकाच्या मध्यावर खरोखर गुणकारी उपाय हाती आला, तेव्हा मात्र वैद्यांपुढे उलटाच पेच पडला : गुण अति येऊ लागला!

बीजकोशाला जागे करणारे संप्रेरक मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीत तयार होते. स्वीडनच्या कार्ल गेम्झेल यांनी मृतांच्या ग्रंथींतून ते काढून १९५८ साली रुग्ण स्त्रियांना दिले. इटलीत पिएरो डोनिनी यांनी त्याआधीच, १९४९ मध्ये, निराळी वाट धरली होती. पाळी गेलेल्या स्त्रियांच्या लघवीत हे द्रव्य भरपूर उतरते. पण कारखाना चालेल इतकी लघवी आणायची कोठून? ब्रूनो लुनेनफेल्ड यांच्या खटपटीने ती मिळाली इटलीतल्या ख्रिस्ती मठांतून. जन्मभर ब्रह्मचर्य पाळलेल्या वृद्ध जोगिणींनी परक्या बायकांची कूस उजवावी, ही कल्पना एखाद्या कीर्तनकारालाही सुचली नसती! या औषधाने पहिले मूल १९६२ साली इस्रायलमध्ये जन्मले.

महिन्याला साधारण एक बीज पिकावे, हा निसर्गाचा हिशेब. औषधाने एकदम अनेक पिकू लागली. जुळी-तिळी झाली, हे तर झालेच. पण काही स्त्रियांचे बीजकोश सुजत, रक्तातले पाणी पोटात झिरपे, रक्त दाट होऊन त्यात गुठळ्या धरत. मूल मागायला आलेल्या बाईच्या जिवावरच बेते. एकीला अपुरी पडणारी मात्रा दुसरीला झेपत नसे, आणि कोणती बाई कोणत्या जातीची, हे बाहेरून ओळखायला काही खूण नव्हती.

खूण आत होती. बीज ज्या पुटिकेत पिकते, ती पुटिका वाढताना इस्ट्रोजेन सोडते. पुटिका जितक्या अधिक, तितके ते अधिक. न्यूझीलंडचे जेम्स ब्राऊन यांनी एडिंबरोत १९५५ साली लघवीतले इस्ट्रोजेन मोजण्याची खात्रीची रीत बसवली. पुढे मेलबर्नमध्ये त्याच मापावर औषधाची मात्रा ठरू लागली. त्यासाठी बाईने चोवीस तासांची लघवी बरणीत जपून ठेवायची. ही जपणूक प्रयोगशाळेच्या श्रमांत कोणी धरली असेल, असे वाटत नाही.

रक्ताकडे वळता आले ते रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांच्यामुळे. न्यूयॉर्कमध्ये १९५९च्या सुमारास त्यांनी किरणोत्सर्गी खूण लावून रक्तातले इन्सुलिन मोजले. पुढे दहा वर्षांत तीच युक्ती इस्ट्रोजेनला लागू झाली. बर्सन १९७२ साली वारले. १९७७चे नोबेल यॅलोबाईंनी त्यांच्यावाचून स्वीकारले.

या मापाची खरी कसोटी शेवटच्या सुईपाशी लागते. बीजे पिकत आली की ती पक्व होऊन सुटावीत म्हणून आणखी एक संप्रेरक टोचतात. हे गर्भवतींच्या लघवीतून मिळवीत. सुजेची आग भडकते ती बहुधा या सुईने. रक्तातला आकडा भलताच चढलेला दिसला, तर डॉक्टर हात आवरतात. सुई दिली नाही तर बहुतेक धोका टळतो. पण आधीच्या साऱ्या सुया आणि तो महिना वाया जातो. दिवस मोजत बसलेल्या जोडप्याला ‘या खेपेस नको’ हे सांगणे किती जड जात असेल!

हल्ली सोनोग्राफीत पुटिका मोजता येतात. उपचारापूर्वीच रक्तातले ए.एम.एच. पाहून, कोणत्या बाईचे बीजकोश अति उसळतील याचा अंदाज बांधतात. तशा बाईला शेवटची सुई निराळ्या, सौम्य जातीची देतात, किंवा गर्भ गोठवून ठेवून तो पुढच्या एखाद्या महिन्यात गर्भाशयात सोडतात.