कोळशाच्या कांडीची कथा

हातबत्तीतील निकामी झालेला जुना सेल फोडला, म्हणजे आत एक काळी कांडी सापडते. वर्गात ती दाखविली की मुले पेन्सिलीतल्या शिशाची आठवण काढतात, आणि ते फारसे चूक नसते. कारण दोन्ही कार्बनचीच रूपे. या कांडीचा पूर्वज १८४१ सालचा. ग्रोव्हच्या विद्युत् घटात प्लॅटिनम लागे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ बुन्सेन याने त्या जागी कार्बन बसविला, तो केवळ काटकसरीसाठी. त्यानंतर शतकभर कार्बनकडे सर्वांनी स्वस्त मजूर म्हणूनच पाहिले. वीज वाहावी, इतकेच त्याचे काम.

रसायनाच्या परीक्षणात त्या काळी मान होता तो पाऱ्याला. प्राग येथे हेरॉव्हस्की यांनी १९२२ साली बारीक नळीतून थेंबथेंब गळणारे पाऱ्याचे विद्युत् अग्र या कामी वापरले. प्रत्येक थेंबाबरोबर नवा, निर्मळ पृष्ठभाग मिळे. परंतु एखाद्या पदार्थाचे ऑक्सिडीकरण करू जावे, तर पारा स्वतःच विरघळू लागे. अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठातील राल्फ ॲडम्स यांना वाटले, की पाऱ्याऐवजी कार्बनची पूड द्रवात कालवून तिचेच थेंब पाडावेत. तो बेत साफ फसला. मात्र तेलात घट्ट मळलेला ग्रॅफाइटचा लेप नळीच्या तोंडाशी भरला, तेव्हा तो उत्तम चालला. हे १९५८ साल. पृष्ठभाग खराब झाला की थोडा लेप काढून टाकावा, नवा भरावा आणि कागदावर घासून गुळगुळीत करावा, झाले! इतके साधे साधन प्रयोगशाळेत क्वचितच मिळते.

लेप मळता येतो, तर त्यात मीठमसाल्याप्रमाणे आणखी काही घालता येईल, हे ओघानेच आले. शिवाय ग्रॅफाइटच्या थरांच्या कडांवर ऑक्सिजनयुक्त गट असतात. भिंतीवरील खुंट्यांसारखेच ते. १९७५ मध्ये मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या खुंट्यांवर अमिनो अम्लापासून बनविलेला रेणू टांगला. त्याच वर्षी मरे यांच्या गटाने टिन ऑक्साइडच्या पृष्ठभागावर असेच रेणू जोडले. विद्युत् अग्राला आता स्वतःचा स्वभाव देता येऊ लागला. कोणाला ओळखावे, कोणत्या विक्रियेला चालना द्यावी, हे रसायनज्ञ ठरवू लागला.

याचे मोल मला कळले ते घरात. आईला मधुमेह होता. बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात लघवीचे थेंब टाकून परीक्षानळी तापवायची. रंग हिरवा, पिवळा की विटकरी, यावरून साखर ओळखायची, हे काम लहानपणी माझ्याकडे असे. पण रक्तातील साखर घसरली, तर ही नळी काहीच सांगत नाही. द्रावण निळे ते निळेच राहते, आणि रोगी घामाघूम होऊन बेशुद्धीकडे जात असतो.

रक्तातील ग्लुकोज विजेने मोजण्याची कल्पना क्लार्क आणि लायन्स यांनी १९६२ मध्ये मांडली होती. ग्लुकोज ऑक्सिडेज हे एंझाइम ग्लुकोजचे इलेक्ट्रॉन काढून ऑक्सिजनला देते. अडचण हीच, की ऑक्सिजन कमीजास्त झाला की मोजमाप डळमळते. १९८४ मध्ये ऑक्सफर्डचे ॲलन हिल आणि क्रॅनफील्ड येथील संशोधक यांनी ऑक्सिजनच्या जागी दुसरा निरोप्या नेमला. त्याचे नाव फेरोसीन. दोन पंचकोनी कार्बन कड्यांच्या मधोमध लोखंडाचा एक अणू, अशी त्याची घडण. ग्रॅफाइटवर फेरोसीनचे एक संयुग आणि त्यावर एंझाइम बसविले. एंझाइमकडून इलेक्ट्रॉन घ्यायचा आणि कार्बनच्या हवाली करायचा, एवढेच फेरोसीनचे काम. प्रवाह जितका अधिक, तितकी साखर अधिक. तीनच वर्षांनी, १९८७ मध्ये, लेखणीच्या आकाराचे यंत्र विक्रीस आले. पुढे कार्बनची शाई पट्टीवर छापून अशी विद्युत् अग्रे बनू लागली. एकदा वापरावी आणि टाकून द्यावी.

आमच्या घरी असे यंत्र यायला बरीच वर्षे लागली. ते आल्यानंतरच्या पावसाळ्यात एका मध्यरात्री आईचे हात कापू लागले. बोटाला टोचून पट्टीला थेंब लावला. आकडा आला ५२. वडिलांनी साखरपाणी आणले आणि पाव तासाने आम्ही पुन्हा दुसरी पट्टी काढली.