इंग्रजीतील मराठी शब्द : पनवेल–बोरघाट मार्ग

पश्चिम भारतातील व्यापार, प्रवास व राज्यकारभार यांच्या निमित्ताने मराठीतून अथवा मराठी प्रदेशातील व्यवहारभाषेतून इंग्रजीत गेलेले शब्द. यांतील काही शब्द मूळचे मराठी आहेत. काही अरबी, फार्सी, पोर्तुगीज वा द्राविडी मूळ असलेले, परंतु इंग्रजांच्या कानी या भागात पडलेले आहेत. त्यांचा अभ्यास करताना शब्दाचे मूळ व त्याचा इंग्रजीत शिरण्याचा मार्ग या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. असा एक मार्ग म्हणजे मुंबईहून पनवेलमार्गे बोरघाट चढून पुण्यास जाणारा जुना रस्ता होय.

पनवेल हे रायगड (१९८१ पूर्वी कुलाबा) जिल्ह्यातील शहर त्याच नावाच्या खाडीवर वसले आहे. लोहमार्गापूर्वी पुण्यास जाणारा प्रवासी मुंबईहून होडीने भरतीच्या वेळी पनवेल बंदरात उतरे आणि तेथून पालखी, घोडा किंवा गाडी करून खोपोलीस व पुढे घाटमाथ्यावर जाई. १८३० मध्ये सर जॉन माल्कम याच्या कारकीर्दीत बोरघाटातून गाड्यांसाठी रस्ता खुला झाला. गाड्यांची चाके तयार करण्याच्या धंद्यासाठीही पनवेल प्रसिद्ध होते. १८५२ मध्ये येथे नगरपालिका स्थापन झाली. या वाटेवर इंग्रजांचा संबंध पंडितांपेक्षा नावाडी, हमाल, गाडीवान व कोळी यांच्याशी अधिक आला. त्यामुळे येथून इंग्रजीत गेलेले शब्द प्रामुख्याने कामकाजाचे व ऐकीव आहेत. त्यांची रूपेही ऐकणाऱ्याच्या कानाप्रमाणे बदललेली आहेत.

शब्दकोशांतील नोंदी : मराठीच्या बाजूने या अभ्यासाचे मुख्य साधन म्हणजे मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी शब्दकोश (१८३१; दुसरी आवृत्ती १८५७) होय. इंग्रजीच्या बाजूने सर हेन्री यूल व आर्थर कोक बर्नेल यांचा हॉब्सन-जॉब्सन हा कोश (१८८६, विल्यम क्रुकने संपादिलेली आवृत्ती १९०३) आणि १८८४ ते १९२८ या काळात खंडशः प्रसिद्ध झालेला ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोश हे महत्त्वाचे आहेत. हॉब्सन-जॉब्सन हे नावच ऐकण्यातील विकाराचे उदाहरण आहे. मोहरमच्या मिरवणुकीतील ‘या हसन, या हुसेन’ हा आक्रोश गोऱ्या शिपायांनी आपल्या ओळखीच्या आडनावांच्या साच्यात बसविला, त्यातून हे रूप झाले. परकी शब्द स्वभाषेतील परिचित ध्वनींना व शब्दांना जुळवून घेण्याच्या प्रवृत्तीस भाषाशास्त्रज्ञ याच नावाने ओळखतात. जुन्या इंग्रजी लेखनात पनवेलचे ‘पॅनवेल’ असे रूप आढळते. त्याच्या वर्णलेखनात इंग्रजीतील विहीरवाचक ‘वेल’ हा शब्द येतो. मुंबईच्या पालवा बंदराचे ‘अपोलो बंदर’ झाले, तेव्हा ग्रीक देवतेचा त्या जागेशी काहीही संबंध नव्हता.

घाट : संस्कृत ‘घट्ट’ शब्दापासून आलेल्या या शब्दाचा नदीकाठी उतरण्याची जागा वा पायऱ्या हा अर्थ भारतभर रूढ आहे. मराठीत डोंगर चढण्या-उतरण्याची वाट हा अर्थ विशेष प्रचलित असून बोरघाट, थळघाट ही नावे त्या अर्थाची आहेत. कोकणातून देशावर जाणाऱ्या युरोपीयांनी वाटेचे हे नाव संपूर्ण पर्वतरांगेस लावले. पुढे पूर्व किनाऱ्याजवळील डोंगरांनाही तेच नाव मिळाले. मराठी परंपरेत या पर्वताचे नाव सह्याद्री असे आहे. आज मराठी भूगोलाच्या पुस्तकांत दिसणारी ‘पश्चिम घाट’ ही संज्ञा त्या इंग्रजी नावावरून परत आलेली असून २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत ही पर्वतरांग याच नावाने समाविष्ट झाली.

टँक : पनवेलजवळील कर्नाळा किल्ल्यावर सुळक्याच्या पायथ्याशी खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. मराठी ‘टाके’ व गुजरातीतील त्याचा सजातीय शब्द यांपासून इंग्रजी ‘टँक’ आला, असे एक मत आहे; पोर्तुगीज ‘तांक’ (तलाव) हे त्याचे मूळ होय, असे दुसरे. भारतीय शब्द व पोर्तुगीज शब्द यांचा उच्चार व अर्थ या दोन्ही बाबतींत मेळ पडून इंग्रजी शब्द स्थिर झाला असावा, असे सामान्यतः मानले जाते. अँग्लो-इंडियन लेखनात त्याचा अर्थ विस्तारला. मराठीत टाके खडकातले वा बांधीव आणि तलाव विस्तृत, असा भेद आहे; इंग्रजांनी मात्र पनवेलच्या वडाळे तलावासारख्या जलाशयांनाही ‘टँक’च म्हटले. पुढे द्रव साठविण्याचे कोणतेही मोठे पात्र असा अर्थ रूढ झाला. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी चिलखती गाडी तयार केली, तेव्हा गुप्ततेसाठी तिला हेच नाव दिले. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सॉमच्या लढाईत ती प्रथम रणांगणावर आली. मराठीने तिच्यासाठी ‘रणगाडा’ हा स्वतंत्र शब्द घडविला.

शिग्राम : मुंबई इलाख्यातील भाड्याच्या बंद घोडागाडीचे हे नाव. हॉब्सन-जॉब्सनने ते ‘शीघ्र’ या शब्दावरून आल्याचे म्हटले आहे. एकोणिसाव्या शतकातील मराठी लेखनातही हा शब्द आढळतो. वाहनाबरोबर तो दोन्ही भाषांतून मावळला.

हमाल व कूली : ‘हमाल’ हा मूळ अरबी शब्द असून त्याचा अर्थ ओझे वाहणारा असा आहे. मुंबईच्या इंग्रजीत तो प्रथम पालखी वाहणाऱ्यास व नंतर घरकाम करणाऱ्या नोकरासही लावला जाई. ‘कूली’ या इंग्रजी शब्दाविषयी दोन मते आहेत. यूलचा कल गुजरातेतील कोळी या जातिनामाकडे होता. इतर अभ्यासक तमिळ ‘कूलि’ (मजुरी) हे मूळ मानतात. १८३४ नंतर करारबद्ध भारतीय मजूर मॉरिशस, वेस्ट इंडीज व पुढे दक्षिण आफ्रिका येथे नेण्यात आले. त्यांच्याबरोबर हा शब्दही गेला आणि दक्षिण आफ्रिकेत तो सर्व भारतीयांना उद्देशून वापरला जाणारा अपशब्द बनला. कष्टाच्या मोबदल्याचा किंवा एका समाजाचा वाचक शब्द सत्तासंबंधांमुळे हीनार्थी कसा होतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

मुंगूस, बोंबील व ताडी : इंग्रजी ‘माँगूस’चे निकटचे मूळ मराठी ‘मुंगूस’ हे आहे, मराठी शब्दाचे कानडी व तेलुगू शब्दांशी साम्य आहे. जॉन फ्रायरच्या प्रवासवर्णनात (१६९८) तो आढळतो. शब्दाच्या शेवटी हंसवाचक ‘गूस’ दिसत असला, तरी त्याचे अनेकवचन त्या पक्षिनामाप्रमाणे होत नाही. फ्रायरने माझगावच्या बोंबलांचाही उल्लेख केला असून हा मासा गरिबांचे अन्न असल्याचे तो सांगतो. या माशाचे इंग्रजी नाव ‘बमेलो’ हे ‘बोंबील’वरून आले, ‘बाँबे डक’ हे त्याचे अधिक प्रसिद्ध नाव होय. ताडापासून निघते ती ताडी व माडापासून निघते ती माडी, हा भेद इंग्रजीने राखला नाही. ‘टॉडी’ हा एकच शब्द त्या भाषेने दोन्हींसाठी वापरला आणि स्कॉटलंडमध्ये तो व्हिस्की, गरम पाणी व साखर यांच्या पेयास मिळाला.

लोकव्युत्पत्ती : विलक्षण शब्दांभोवती आख्यायिका लवकर जमतात. वाळलेले बोंबील मुंबईच्या डाकगाडीने जात, म्हणून ‘बाँबे डाक’चे ‘बाँबे डक’ झाले, ही अशीच एक कथा होय. मुंबई–ठाणे लोहमार्ग १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाला; परंतु मुंबई सेवेतील इंग्रजांना ‘डक्स’ म्हणत असल्याचा मौंटस्ट्यूअर्ट एल्फिन्स्टनचा उल्लेख १८०३ मधील आहे. हे टोपणनाव माशाच्या नावावरून पडले, असे हॉब्सन-जॉब्सनकारांचे मत आहे. ते ग्राह्य धरल्यास माशाचे नाव आगगाडीपूर्वी निदान अर्धशतक प्रचारात होते. याउलट, ‘डुलॅली’ (वेडसर) या शब्दाची वरवर चमत्कारिक वाटणारी व्युत्पत्ती खरी आहे. नासिकजवळील देवळाली छावणीत मायदेशी परतणारे गोरे सैनिक जहाजांच्या प्रतीक्षेत महिनोन्‌महिने पडून राहत. तेथील कंटाळ्यातून येणाऱ्या भ्रमिष्टपणास ते ‘डुलॅली टॅप’, म्हणजे देवळालीचा ताप, म्हणत. व्युत्पत्तीची कसोटी तिच्या नवलात नसून लेखी आधाराच्या कालक्रमात असते, हे या दोन उदाहरणांवरून स्पष्ट होते.

महत्त्व : १८६३ मध्ये बोरघाटातून लोहमार्ग सुरू झाला. तो कल्याण–कर्जतमार्गे गेल्याने पनवेलची प्रवासी व मालाची वाहतूक घटली आणि खाडीच्या वाटेवरील अनेक व्यवसाय क्षीण झाले. त्या वाटेवर राबणाऱ्यांची नावे सामान्यतः दप्तरांत राहिली नाहीत. त्यांनी उच्चारलेले काही शब्द मात्र परक्या भाषेच्या कोशात नोंदले गेले. या दृष्टीने हे शब्द सामाजिक इतिहासाची साधने ठरतात. तथापि इंग्रजी कोशांतील नोंदी ऐकणाऱ्याच्या बाजूच्या आहेत. मराठी पत्रव्यवहार, बखरी, बोली व कोश यांच्याशी त्या ताडून पाहिल्यावरच बोलणाऱ्याची बाजू पुरी होते.