स्क्रमची जडणघडण
हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका यांचा लेख १९८६ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये आला, तेव्हा त्याचा विषय सॉफ्टवेअर नव्हता. होंडा, कॅनन, फुजी-झेरॉक्स अशा कंपन्यांत नवे उत्पादन एका खात्याकडून दुसऱ्याकडे न ढकलता एकच मिश्र गट ते कसे तडीस नेतो, हे त्यांनी दाखवले. ‘स्क्रम’ या नावामागची रग्बीची उपमा तिथलीच. जेफ सदरलँड यांनी १९९३ मध्ये ईझल कॉर्पोरेशनमध्ये ही कल्पना सॉफ्टवेअरच्या कामात आणली आणि त्यातून स्क्रम ही गटाने काम करण्याची पद्धत घडली. रोजच्या छोट्या बैठकीची प्रेरणा मात्र बोरलँड कंपनीच्या ‘क्वाट्रो प्रो’ हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या गटाच्या अभ्यासातून मिळाली. ही बैठक हाच पद्धतीचा खरा कणा. तिच्यामुळे अडचण महिनाअखेरच्या अहवालात दडून राहत नाही. १९९५ मध्ये केन श्वाबर आणि सदरलँड यांनी ऑस्टिनमधील एका परिषदेत स्क्रम मांडले. फेब्रुवारी २००१ मध्ये युटातील स्नोबर्डला या दोघांसह १७ जणांनी अशा लवचीक पद्धतींचा ‘अजाइल’ जाहीरनामा लिहिला. २०१० पासून स्क्रमचे नियम ‘स्क्रम गाइड’मध्ये आले: स्प्रिंट, म्हणजे कामाचा एक टप्पा, जास्तीत जास्त महिन्याचा, रोजची बैठक १५ मिनिटांची. काल काय केले, आज काय करणार, अडचण कोणती, हे त्या बैठकीतले ठरावीक प्रश्न बऱ्याच कचेऱ्यांत साहेबांपुढची हजेरी होऊन बसले होते. गाइडच्या २०२० च्या आवृत्तीने ते गाळले.