खाट, स्नायू आणि वीज

श्रोतेहो, जळगावला लागून असलेले आणि आता त्या शहरातच मिसळून गेलेले पिंप्राळा आषाढी एकादशीच्या रथासाठी खानदेशात प्रसिद्ध आहे. समजा, आषाढात त्या रथामागे पायी चालणारे एक आजोबा भाद्रपदात न्युमोनियाने आजारी पडले. जळगावच्या दवाखान्यात पंधरा दिवस राहिले. ताप उतरला, खोकला गेला, डॉक्टरांनी घरी सोडलं. पण दिवाळीला पाहावं तर आजोबांना खाटेवरून उठवायला दोन माणसं लागतात! घरची मंडळी म्हणतात, 'दुखण्यानं अंग खाल्लं.' दुखण्यानं खाल्लं हे खरंच, पण खाटेनंही खाल्लं. या दुसऱ्या चोराची ओळख डॉक्टरांना फार उशिरा पटली. त्याच्यावरचा एक उपाय, म्हणजे स्नायूंना विजेचा प्रवाह देणं, त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होता. ही उलटी गोष्ट कशी घडली ते पाहू.

पहिल्या शतकातला रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस डोकेदुखीवर विजेचा झटका देणारा समुद्रातला मासा लावायला सांगे. ती झाली प्राचीन हकीकत. खरी सुरुवात अठराव्या शतकात, घर्षणाने वीज निर्माण करणारी यंत्रं आल्यावर झाली. जिनिव्हाच्या जालाबेर या प्राध्यापकाने एका कुलूप बनवणाऱ्या कारागिराच्या, अनेक वर्षं लुळ्या पडलेल्या हाताला विजेचे झटके दिले. स्नायू आखडताना त्याला दिसले, हातात थोडी शक्तीही आली. 1748 मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं, आणि पक्षाघाताच्या रोग्यांची वीजयंत्रांकडे रीघ लागली.

अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिनकडेही असे रोगी लांबलांबून येत. हा तोच, वीज आणि पतंगाच्या धड्यातला फ्रँकलिन. शिक्षक मंडळींना त्याची नव्याने ओळख नको. झटके दिल्यावर रोग्यांचा लुळा अवयव गरम होई, पहिले काही दिवस थोडी हालचालही वाढे. पाचव्या दिवसानंतर मात्र पुढे काही सुधारेना. रोगी निराश होऊन घरी परतत आणि पुन्हा पहिल्यासारखे होत. 1757 च्या एका पत्रात फ्रँकलिनने हे सारं प्रामाणिकपणे लिहिलं आणि वर एक शंका नोंदवली. जो थोडा गुण आला तो विजेने आला, की प्रवासाने आणि रोज माझ्या घरापर्यंत येण्याने शरीराला जो व्यायाम घडला त्याने? की बरं होण्याच्या आशेने त्यांनी जास्त जोर लावला म्हणून? मला विचाराल तर या विषयातलं सर्वांत शहाणपणाचं वाक्य तेच. पण ते तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

पुढे इटलीत गॅल्व्हानीने बेडकाच्या पायावरचे प्रयोग 1791 मध्ये छापले. 1831 मध्ये फॅरेडेने चुंबकाच्या साहाय्याने वीज निर्माण केली. पॅरिसच्या द्युशेनने या नव्या विजेचा उपयोग करून, ओलसर टोकं कातडीवर ठेवून एकेक स्नायू वेगळा आखडवून दाखवला. त्याचा ग्रंथ 1855 चा.

आपल्याकडे या विद्येचं शिक्षण मुंबईत रुजलं. 1952 मध्ये परळच्या के. ई. एम. रुग्णालयात देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा निघाली. भारत सरकार, मुंबई महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना या तिघांनी मिळून ती काढली. तो काळ पोलिओचा. पोलिओत मज्जारज्जूतल्या, स्नायूला हुकूम देणाऱ्या पेशीच मरतात. तिथे विजेचं काम अवघड. नुसत्या खाटेने दुबळ्या झालेल्या म्हाताऱ्या माणसाचं तसं नसतं. त्याची नस बहुधा शाबूत असते, आणि सौम्य प्रवाह त्या नसेला चेतवून मांडीचा स्नायू आखडवू शकतो. तार धड आहे, फक्त गिरणी बंद पडली आहे, असं म्हणा ना!

आणि गिरणी बंद पडते कशाने? 1947 मध्ये रिचर्ड अॅशर या इंग्लिश डॉक्टरने अंथरुणाला खिळून राहण्याचे धोके असा लेखच लिहिला. तोवर विश्रांती म्हणजे औषध, अशीच समजूत होती. 2007 मध्ये अमेरिकेत निरोगी वृद्धांना, आजार काही नसताना, केवळ 10 दिवस अंथरुणात ठेवून पाहिलं. त्यांच्या दोन्ही पायांतलं मिळून जवळजवळ 1 किलो मांस झडलं. तेही पोटभर जेवण चालू असताना. आजाऱ्याचं तर विचारूच नका.

म्हणून आता ज्याला उभंच राहता येत नाही अशा रोग्याच्या मांडीवर पट्ट्या लावून वीज देतात. गुण येतो का? येतो, पण बेताचा. हॉलंडमध्ये तरुणांचा एक पाय 5 दिवस जखडून, काहींना त्या पायावर वीज दिली. त्यांच्या स्नायूचा आकार टिकला, ताकद मात्र त्यांचीही घटलीच. फ्रँकलिनची शंका अडीचशे वर्षांनी अशी पुन्हा समोर येते. म्हणून जाणता फिजिओथेरपिस्ट पट्ट्या लावतानाच सांगतो, 'बाबा, झटका आला की तुम्हीही गुडघा ताणा.' छातीत पेसमेकर असेल किंवा पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी असेल, तर हा उपाय डॉक्टरांना विचारल्यावाचून करायचा नाही. बाजारातलं यंत्र आणून घरीच लावणं तर नकोच.

शिक्षकांनी मुलांना एक साधा प्रयोग घरी करायला सांगावा. आजोबांना भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसवा. कुणीतरी मोठं माणूस शेजारी उभं असू द्या. हातांची घडी छातीवर घालून, आधार न घेता, पाच वेळा उठायला नि बसायला त्यांना सांगा आणि घड्याळात पाहा. 15 सेकंदांहून जास्त लागले तर मांड्या दुबळ्या झाल्या असाव्यात. दवाखान्यात जाण्याची पाळी येण्याआधीच हे कळलेलं बरं, कारण तेव्हा वीज लागत नाही. सकाळ-संध्याकाळ तीच खुर्ची पुरते.