पाण्याखालची बाजू

माझ्या लहानपणी आमच्या खाडीत मामूंची एक छोटी होडी होती. मासेमारीची नव्हे, हौसेची. ईदच्या दुसऱ्या दिवशी मामू आम्हा भाचरांना तिच्यातून फिरवून आणायचे. तिकडे ओहोटीच्या खडकांवर आई कालवं फोडत बसलेली दिसायची. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर होडी किनाऱ्यावर ओढायची, तळ खरवडायचा, उन्हात वाळू द्यायचा, माशाचं तेल चोपडायचं आणि झापांखाली शाकारून ठेवायची, असा मामूंचा नेम होता. एक वर्ष ते कामासाठी मुंबईला राहिले आणि होडी पाण्यातच राहिली. परत आल्यावर त्यांनी वरचा निळा रंग पाहिला. रंग शाबूत होता. मग वाकून तळाला अंगठा लावला. अंगठा फळीत शिरला.

त्या अंगठ्यामागचा इतिहास मी पुढे वाचत गेलो. तोच आज थोडक्यात सांगतो.

लाकूड पोखरणाऱ्या या जिवाला आपण कीड म्हणतो, पण तो शिंपल्यांच्या कुळातला. टेरेडो हे त्याचं शास्त्रीय नाव. टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून तो आत शिरतो आणि डोक्याशी असलेल्या दोन इवल्या शिंपल्यांनी लाकूड किसत आतल्या आत वाढत जातो. फळी वरून धड दिसते. कोलंबसाच्या अखेरच्या सफरीत १५०३ साली अशीच पोखरलेली जहाजं जमैकाच्या किनाऱ्यावर चढवावी लागली. तो वर्षभर तिथंच अडकून पडला.

इंग्रजांच्या आरमारानं १७६१ मध्ये 'अलार्म' या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले. वेस्ट इंडीजहून परतल्यावर जहाज तपासलं, तर किडीनं लाकडाला तोंड लावलं नव्हतं. पण तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे खाऊन गेले होते. जिथं मध्ये खाकी कागद राहून गेला होता, तिथलं लोखंड मात्र चांगलं होतं. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकमेकांना टेकले की त्यांची विजेची बॅटरीच होते आणि त्यातला एक झिजतो. हे तेव्हा कुणाला उमगणार? व्होल्टाची बॅटरी आली ती १८०० साली.

ते कोडं सोडवलं हंफ्री डेव्हीनं. खुद्द तांब्याचे पत्रेही समुद्रात झिजत होते. १८२४ मध्ये त्यानं दाखवून दिलं, की तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडला, की झीज तो तुकडा आपल्या अंगावर घेतो आणि तांबं वाचतं. जहाजांना असे तुकडे बसवले आणि तांबं खरंच वाचलं. पण तळाला कवचाचे जीव आणि शेवाळ इतकं चिकटलं, की जहाजांची चाल मंदावली. तांबं झिजताना पाण्यात जे विष सोडत होतं, तेच या जिवांना दूर ठेवत होतं. झीज थांबली, तसं विषही थांबलं. आरमारानं ते तुकडे काढून टाकले.

मग माणसानं विषच रंगात कालवलं. १९६० नंतर कथिलाच्या एका संयुगाचे, ट्रायब्युटिल टिनचे रंग आले आणि हौशी बोटवाले त्यांच्यावर खूश झाले. एकदा रंग दिला की तळ स्वच्छ! फ्रान्समधलं आर्काशों आखात अशा बोटींसाठी प्रसिद्ध, तसंच कालवांच्या शेतीसाठीही. १९७०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या कालवांची पिल्लं जगेनाशी झाली, मोठ्यांची कवचं वेडीवाकडी, जाड होऊ लागली. दोष निघाला बोटींच्या रंगाचा. १९८२ मध्ये फ्रान्सनं पंचवीस मीटरपेक्षा लहान बोटींवर त्याला बंदी घातली. आंतरराष्ट्रीय करार २००१ मध्ये झाला आणि २००८ मध्ये अमलात आला.

हे वाचलं तेव्हा मला ओहोटीच्या खडकावरची आई आठवली. एकाची होडी वाचवताना दुसऱ्याच्या ताटातलं कालव जातं, हा हिशेब कुणी आधी मांडलाच नव्हता.

आज हौशी बोटी बहुधा फायबरच्या असतात. त्यांना कीड लागत नाही. पण पाण्याखालच्या पंख्याजवळ एक जस्ताची वडी लावलेली असते, ती डेव्हीचीच. तो तुकडा आरमारानं नाकारला, पण पुढे जगभर परतला. वडी निम्मी झिजली की बदलायची आणि तिच्यावर कधीही रंग द्यायचा नाही. रंग दिला की ती झिजत नाही आणि पंखा झिजू लागतो. म्हणजे तिथंही वर्षातून एकदा तरी बोट बाहेर काढून, वाकून, हात लावून पाहावं लागतंच.

मामूंना टेरेडो ठाऊक नव्हता, डेव्हीही नाही. पण पाण्याबाहेर काढून चांगलं वाळवलं की हा जीव मरतो, हे त्यांच्या हाताला माहीत होतं. त्यांच्या रीतीत खाडीला काही सोसावं लागत नव्हतं. मोल होतं ते चार दिवसांच्या मेहनतीचं. त्या एका वर्षी ते द्यायचं राहिलं आणि आमची होडी चुलीत गेली.